ख्रिसमस सोडून उरलेले रविवार

डिसेंबर आला की ऑफिसमधलं कुणी ना कुणी विचारतंच, यंदा तुमच्या चर्चची लाइटिंग बघायला कधी येऊ म्हणून. या ना, जरूर या, केकपण खायला देऊ. पण आमचं नागपूरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल खरंच बघायचं असेल तर मी म्हणेन जुलै-ऑगस्टातल्या एखाद्या बिनसणाच्या रविवारी या, बाहेर पाऊस, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, वेदीवर हिरवं कापड, मागच्या बेंचवर कुणाचं तरी बाळ रडतंय आणि वाचक जुन्या करारातली अवघड नावं वाचताना अडखळतोय. पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतर, असे हिरव्या कापडाचे रविवार जवळजवळ अर्धं वर्ष चालतात, आणि आमची मंडळी टिकून आहे ती या रविवारांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

इमारतीबद्दल लोक खूप लिहितात म्हणून मी थोडक्यात सांगते. १८५१ मध्ये मद्रास इंजिनिअर्समधल्या सँकी नावाच्या लेफ्टनंटनं छोटंसं चर्च म्हणून आराखडा केला (बंगळूरची सँकी टँक ज्याच्या नावाची आहे तोच हा सँकी), पुढे बॉडली या इंग्लंडच्या आर्किटेक्टनं ते वाढवलं, १९०३ मध्ये नागपूरला पहिले बिशप आले, आयर चॅटर्टन, आणि सिव्हिल लाइन्समधल्या इंग्रज साहेब लोकांचं हे चर्च कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च झालं. तेव्हा इथे कोण बसत असेल आणि आज कोण बसतं, एवढा विचार केला तरी मला भरून येतं.

पण या जागेची खरी गोष्ट १९७० ची आहे आणि ती नागपूरच्याच लोकांना माहीत नसते. २९ नोव्हेंबर १९७०, ॲडव्हेंटचा (ख्रिसमसच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार, त्या दिवशी इथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं, ज्याला आपण सीएनआय म्हणतो. इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले अँग्लिकन एक, मग प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोकांचं आधीच एक झालेलं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट, अशी सहा वेगवेगळ्या पंथांची चर्च एक झाली. त्याआधी चाळीसेक वर्षं बोलणी चालली होती आणि अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटी बाहेर राहिले, म्हणजे ते काही सहज जमलेलं प्रकरण नव्हतं. भांडणाचे मुद्दे पण खरेखुरे होते, बिशप असावा की नसावा, बाळाला बाप्तिस्मा द्यावा की मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्यावरच द्यावा. यातल्या दुसऱ्या प्रश्नावर जो मार्ग काढला तो मला आजही फार आवडतो, दोन्ही चालतील! बाळाचा बाप्तिस्मा करा, नाहीतर बाळाचं अर्पण करा आणि मग तो मोठा झाला की स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन बाप्तिस्मा घेईल. शेकडो वर्षं ज्यावरून चर्च फुटली ते दोन्ही विधी एकाच छपराखाली मान्य आहेत, आणि हे कुणी मोठं भाषण करून सांगत नाही, दोन्ही प्रकारची घरं शेजारी शेजारी बसतात बस.

माझी आजी भंडाऱ्याकडची, स्कॉटिश मिशनच्या मंडळीत वाढलेली. त्यांच्याकडे प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर-द्राक्षारस घेतात त्याला) जागेवरून उठायचंच नाही, भाकर बेंचवरच फिरायची आणि द्राक्षारस छोट्या छोट्या ग्लासांतून यायचा. इथे कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन पद्धत, उठून पुढे जायचं, कठड्यापाशी गुडघे टेकायचे, सगळ्यांना एकच प्याला. आजीला ते काही केल्या पटेना. घरी आल्यावर म्हणायची, "गुडघे टेकाचे तं घरी प्रभूसमोर टेकाचे, इथं लोकाईले दाखवाले काहून?" तरी ती दर आठवड्याला आमच्यासोबत यायची, आधी बेंचवरच बसून राहायची, मग एकदा कधीतरी उठली आणि पुढे गेली. तिच्या शेजारी जी काकू गुडघे टेकून बसली होती ती पिढ्यान्‌पिढ्या अँग्लिकन, तिनं आजीचा हात धरला कारण आजीला उठताना त्रास व्हायचा. त्यानंतर त्या काकूशेजारची जागा आजीची झाली ती कायमची. १९७० मध्ये ज्या कागदावर सह्या झाल्या त्यानं आजीला पुढे नेलं नाही, त्या काकूनं नेलं, आणि दर आठवडा एकाच बेंचवर बसल्याशिवाय ही ओळख होणं शक्यच नव्हतं.

गाण्यांचंही तसंच बघा. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, गाडीत एका युरोपियन माणसाशी बोलणं झालं, त्यानं नवा करार हातात दिला आणि पुढे १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते अमेरिकन मराठी मिशनचे म्हणजे काँग्रिगेशनल, त्यांची भजनं पेटी-तबल्यावरची, अभंगाच्या चालीतली, आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. आणि आमच्या मंडळीत इंग्लिश हिम चार आवाजांत म्हणणारे लोक पण आहेत, आणि हिंदी गीतांवर टाळ्या वाजवणारी कॉलेजची पोरं पण. शनिवारी संध्याकाळी क्वायरची प्रॅक्टिस असते तेव्हा यावरून कुरबुर होते, का नाही होणार, ज्याला जे लहानपणापासून येतं तेच त्याला देवाच्या जवळचं वाटतं. मला टिळकांचं भजन लागलं की डोळ्यांत पाणी येतं आणि माझ्या मुलीला नाही येत, पण ती माझ्यासाठी सोप्रानो (बायकांचा सगळ्यात वरचा सूर) गाते आणि मी तिच्यासाठी गिटारवाली गाणी शिकते.

उपासनेचा माझा सगळ्यात आवडता भाग मात्र ना गाणं ना उपदेश, तो म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना, दुसऱ्यांसाठी केलेली. पापकबुली झाली, शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहिले, उपदेश झाला, मतांगीकार (आपला विश्वास काय तो सगळ्यांनी मिळून म्हणायचा पाठ) म्हटला, आणि मग पुढे उभं राहून कुणीतरी नावं वाचतं. आजारी लोकांची नावं, ज्यांच्या घरी कुणी गेलं त्यांची, परीक्षेची मुलं, नोकरी सुटलेला एखादा भाऊ. आधी देशासाठी, शेतकऱ्यांसाठी, पावसासाठी प्रार्थना होते (विदर्भातल्या मंडळीत ही नुसती रीत म्हणून होत नाही, अर्ध्या लोकांचं कुणी ना कुणी गावाकडे कापूस नाहीतर सोयाबीन पेरून आभाळाकडे बघत असतं), आणि मग ही नावं. कुणी म्हणतं एवढी मोठी यादी कशाला वाचायची, व्हॉट्सअप ग्रुपवर तर टाकलेलीच असते. मला हे अजिबात पटत नाही. ग्रुपवर आपण हात जोडल्याचा इमोजी टाकतो आणि पुढे जातो, पण उपासनेत नाव कानावर पडलं की मान आपोआप वळते, त्या घरचं माणूस कुठे बसलंय ते दिसतं, त्याचा चेहरा दिसतो, आणि मग सर्व्हिस संपल्यावर त्याच्याकडे न जाता घरी निघणं जमतच नाही.

माझे वडील मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ॲडमिट होते तेव्हा हे मी स्वतः अनुभवलं. रविवारी नाव वाचलं, आणि सोमवारपासून डबा यायला लागला. कुणी ठरवून दिलं नव्हतं, महिला फेलोशिपच्या बायकांनी आपसांत वार वाटून घेतले. एक अंकल रोज संध्याकाळी यायचे, फार बोलायचे नाहीत, बाबांच्या पायाला हात लावून प्रार्थना करायचे आणि मला म्हणायचे जा बेटा, बाहेर जाऊन चहा घेऊन ये, मी बसतो इथे. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांसाठी पण प्रार्थना करायचे, आधी विचारून, चालेल का म्हणून, आणि ते आजोबा पांडुरंगाचं नाव घेणारे, तेसुद्धा हात जोडायचे. चर्च काय करतं असं मला कुणी विचारलं तर मी आधी त्या वॉर्डाबद्दल सांगते.

आठवडाभर असंच काही ना काही चालू असतं. कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा, चटया अंथरून, खुर्च्या शेजारच्या हिंदू घरातून मागून आणलेल्या, वचन, साक्ष, दोन गाणी आणि शेवटी पोहे. शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या संडे स्कूलच्या) टीचर शनिवारी रात्री चार्ट पेपर कापत बसतात. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या मीटिंगा लांबतात, पंख्यापासून छपरापर्यंत सगळ्यावर चर्चा होते, कंटाळवाणं काम आहे पण कुणीतरी ते करतं म्हणून मे महिन्यात ४५ डिग्रीत पण आपण आत बसू शकतो.

आणि उपकारस्तुतीचा, पिकापाण्यासाठी देवाचे आभार मानायचा सण! ख्रिसमसपेक्षा मला हाच आपला जास्त वाटतो. लोक घरचं, शेतातलं आणून वेदीपाशी ठेवतात, तांदूळ, कोहळं, कोंबडी, काटोलकडची संत्री, कुणी घरी केलेलं लोणचं, आणि उपासनेनंतर बाहेर लिलाव. एक कोहळं पाच जण विकत घेतात, म्हणजे पहिल्यानं घेतलं की तो परत देऊन टाकतो आणि बोली पुन्हा सुरू होते, पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्या गर्दीत भंडाऱ्याचा कोण, छत्तीसगडचा कोण, ओडिशातून नोकरीला आलेलं बॅप्टिस्ट घर कुठलं, काही फरक राहत नाही, सगळे एकमेकांवर बोली चढवत असतात.

नवीन पोरं नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला जातात आणि तिथून उपासना ऑनलाइन बघतात, बघा, त्याला माझी ना नाही, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना तर तो मोठाच आधार आहे. पण जे अजून नागपुरात आहेत आणि रविवारी सकाळी झोपेतून उठून मोबाइलवरच सर्व्हिस लावतात त्यांना मी दर वेळी एकच सांगते, ये आणि यादी वाच. भजन नको, उपदेश नको, नुसती मध्यस्थीची यादी वाच, पण आधी त्यातल्या एकेका माणसाला फोन करून विचार, कसं आहे आता म्हणून. मागच्या महिन्यापासून आमच्याकडची दोन कॉलेजची मुलं हे काम करतायत, आणि परवा त्यातली एक माझ्याकडे आली, काकू, मेयो हॉस्पिटलच्या तिसऱ्या वॉर्डला कुठल्या गेटनं जायचं असतं?