बोटं

"चेहरा जमतोय भावा, बोटंच जमंनात."

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आज दुपारी मित्राकडं बसलो होतो. गणपती बाजूला ठेवून गडी शाडूचा क्रुसावरचा येशू करतोय. तीनदा तळहात मोडला. "देव म्हणजे प्रसन्न, हेच हाताला वळण. वेदना काढायला गेलो की राग दिसतोय, नायतर झोप."

मोबाईलवर जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्डचा क्रुसावरचा येशू दाखवला. १५१२ ते १५१६ मधलं काम. बुरशी लागलेलं धान्य खाऊन हातपाय सडलेल्या रोग्यांची सेवा करणाऱ्या मठासाठी केलेलं. अंगभर फोड, बोटं वर ताठ पसरलेली.

तो बघतच राहिला. मग स्वतःचा हात भिंतीला टेकवून बोटं ताणली. नखांत शाडू.

"ह्याच्यापुढं हात जोडताना माणसाला बरं वाटत आसंल का रे?"