नमुना कधी घेतला आणि नोंद कधी झाली

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात मूत्रपिंडाच्या आजाराचे एक वयस्क गृहस्थ दाखल होते. सकाळी ६.१० वाजता त्यांच्या रक्ताचा नमुना घेतला, ईसीजीतील बदल पाहून ७ वाजता पोटॅशियम उतरवण्याचे उपचार सुरू झाले आणि प्रयोगशाळेचा अहवाल संगणकावर आला तो ९.४० वाजता. पोटॅशियम ६.८ होते आणि त्या आकड्यापुढे पडद्यावर ९.४० हीच वेळ दिसत होती. नुकतेच ड्यूटीवर आलेल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ असा लावला की उपचारांनंतरही पोटॅशियम उतरलेले नाही, आणि इन्सुलिनचा दुसरा डोस लिहिला. सिस्टरांच्या वहीत नमुन्याची वेळ होती, म्हणून तो थांबला; अन्यथा रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेली असती.

त्यात डॉक्टरांची चूक होती असे मला वाटत नाही, कारण जी वेळ त्यांना दिसायला हवी होती ती पडद्यावर नव्हतीच. रुग्णनोंदींच्या देवाणघेवाणीसाठी ‘फायर’ या नावाने ओळखले जाणारे जे मानक आहे आणि जे आपल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही स्वीकारले आहे, त्यात तपासणीच्या निष्कर्षासाठी दोन वेगळे रकाने आहेत: निष्कर्ष शरीराच्या ज्या क्षणाविषयी आहे तो क्षण आणि अहवाल उपलब्ध झाला तो क्षण. मात्र पहिला रकाना सक्तीचा नाही, आणि तो भरलेला असला तरी पडद्यावर कोणती वेळ दाखवायची हे सॉफ्टवेअर करणारा ठरवतो.

पक्षाघातात हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. सकाळी ६ वाजता उठल्यावर उजवा हात हलत नाही असे लक्षात आले, तर ६ ही लक्षण दिसल्याची वेळ झाली. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची नेहमीची मर्यादा मात्र रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून, म्हणजे कदाचित आदल्या रात्री १० पासून, मोजावी लागते. या दोन वेळांसाठी नोंदीत एकच जागा असणे मला अक्षम्य वाटते.

औषध २.१५ ला देऊन, धावपळ संपल्यावर ५ वाजता त्याची नोंद करणाऱ्या परिचारिकेवरही एकाच वेळेच्या शिक्क्याने अन्याय होतो. उशिरा केलेली नोंद उशिराची म्हणूनच दिसावी, पण औषध दिल्याची वेळ तिच्या शब्दावर वेगळी राहावी.

बाह्यरुग्ण विभागात अडचण उलट असते. ‘पोळ्यानंतर गुडघा धरला’ असे आजी सांगतात आणि संगणक पूर्ण तारीख मागतो. मग कोणीतरी १ जानेवारी टाकतो आणि पुढे ती तारीख खरी मानली जाते. वस्तुतः ‘फायर’मध्ये नुसते वर्ष किंवा वर्ष आणि महिना एवढेच लिहिता येते, आजाराच्या सुरुवातीसाठी रुग्णाचे वय, कालावधी किंवा साधा मजकूरही चालतो. आमच्या फॉर्ममध्ये अद्याप ती सोय नाही, म्हणून मी तारखेचा रकाना रिकामा ठेवतो आणि टिपणात आजींचे शब्द जसेच्या तसे लिहितो.