गेजमध्ये बसेल तोच नियम : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळात इथं ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क चालायचं. आज आम्ही गो-कार्टच्या, म्हणजे शर्यतीच्या बुटक्या, उघड्या चारचाकी गाड्यांच्या चेसिस (सांगाडे) बनवतो, स्पेअर विकतो आणि त्याच कार्टवर भरणाऱ्या नवशिक्यांच्या शर्यतीची नियमावली सांभाळतो. वर्कशॉप बघायला येणारे चेसिसच्या जिगपाशी (वेल्डिंगच्या वेळी पाइप जागेवर धरणाऱ्या साच्यापाशी) थांबून फोटो काढतात. मला विचाराल तर इथं तयार झालेली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ती नियमावली. ती कशी घडली ते सांगतो.

कार्ट आमच्याकडं आली ती दुरुस्तीसाठी. भाड्यानं कार्ट चालवायला देणाऱ्या केंद्रांतून वाकलेले स्टब ॲक्सल (पुढचं चाक ज्याच्यावर फिरतं तो आखूड दांडा), तडकलेले बंपर, सीटच्या आधाराजवळ सुटलेले वेल्ड असं काम यायचं. दुरुस्ती करता करता या गाडीचं शास्त्र उलगडत गेलं. कार्टला सस्पेन्शन नसतं, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलला घट्ट बांधलेली असतात. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त, पण ॲक्सल एकच असल्यानं दोघं सारखीच फिरतात. म्हणून वळताना आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटावं लागतं. ते उचलायचं काम पुढच्या किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचा, तिरपेपणा करतो, आणि चेसिसचा पाइप थोडा पिळला जाऊन त्याला साथ देतो. आपल्याकडं ‘भक्कम’ करायच्या हौसेनं लोक आडवा पाइप जोडून घेतात आणि मग कार्ट वळत नाही म्हणून घेऊन येतात. तो पाइप कापून काढला की कार्ट पुन्हा वळायला लागते.

पुढं आम्ही स्वतःच्या चेसिस बनवायला लागलो, आणि रविवारी भाड्याच्या कार्टवर येणाऱ्या पोरांमधली काही जण विचारू लागली, ‘स्वतःची कार्ट घेऊन शर्यत खेळायची तर काय लागेल?’

या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी महाग होतं. देशातलं राष्ट्रीय पातळीवरचं कार्टिंग बरीच वर्षं रोटॅक्स मॅक्सच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनावर चाललं. ते इंजिन उत्तमच आहे. सील करून येतं, अधिकृत सेंटरशिवाय उघडता येत नाही, त्यामुळं लबाडीला जागा कमी. मुंबईच्या जेहान दारूवालासारखा मुलगा कार्टिंगमधूनच पुढं फॉर्म्युला टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या शर्यतीपर्यंत पोचला. पण आयात चेसिस, आयात इंजिन, आयात टायर, ठरावीक तासांनी करायची ओव्हरहॉलिंग हे सगळं एवढा खर्च करायचं आधीच ठरवून आलेल्या घरासाठी असतं. कागलहून मोटरसायकलवर येणाऱ्या, आयटीआयचा फिटर झालेल्या पोरासाठी ती पहिली पायरी होऊच शकत नाही. तसल्या पोराला आम्ही परत पाठवायचो आणि मला ते खात राहायचं.

खरं तर हा खेळ जन्मला तोच स्वस्तातल्या इंजिनावर. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसकार बांधणाऱ्या माणसानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन एका पाइपच्या सांगाड्यावर बसवलं, आणि पहिली कार्ट झाली. आपल्या देशातही उदाहरण आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही एकआसनी रेसकार उभी केली. गल्लीतल्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारं ७९६ सीसीचं इंजिन! पुढं भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक झालेल्या नरेन कार्तिकेयनची सुरुवात त्याच गाडीतून झाली. करिवर्धन यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. त्यांनी परदेशी गाडीची नक्कल केली नाही, इथं काय मिळतं ते आधी पाहिलं.

आम्हीही तेच पाहिलं. पॉवर वीडर, पाण्याचा पंप, काँक्रीटचा व्हायब्रेटर या सगळ्यांवर होंडाचं जीएक्स मालिकेतलं इंजिन तालुक्याच्या गावीसुद्धा दिसतं. भाड्याच्या कार्टवरही जगभर तेच असतं. त्यातलं जीएक्स २०० म्हणजे १९६ सीसी, फोर-स्ट्रोक, साधारण साडेपाच हॉर्सपॉवर. गॅस्केट, प्लग, रिंगा शेतीअवजारांच्या दुकानात मिळतात. इंजिन ठरलं.

स्वस्त इंजिन घेतलं म्हणजे शर्यत स्वस्त झाली, असं मात्र होत नाही. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात याच होंडाच्या चिनी नकलांवर ‘क्लोन’ नावाचा वर्ग सुरू झाला. इंजिन अगदी किरकोळ किमतीला मिळायचं, मैदानं भरली. मग लोकांच्या लक्षात आलं की ही इंजिनं एकसारखी नसतात. चार इंजिनं घेऊन त्यातलं चांगलं निवडायचं, मग ते कारागिराकडं देऊन प्रत्येक माप परवानगीच्या टोकापर्यंत न्यायचं, असं सुरू झालं. इंजिन स्वस्तच राहिलं, त्याच्यावरची मेहनत महाग झाली, आणि तपासणीची पुस्तिका जाड होत गेली. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या एलओ २०६ या इंजिनानं वेगळा मार्ग धरला. २०४ सीसी, कारखान्यातूनच सील, ६१०० आरपीएमला इग्निशन पुढं जाऊ देत नाही, आणि लहान मुलांच्या वर्गांना कार्ब्युरेटरमध्ये कमी उघडणारी, वेगळ्या रंगाची स्लाइड (इंधन-हवेची वाट उघडणारी सरकती पट्टी). रंग बघितला की तपासणी झाली. आमच्या नियमावलीला दिशा मिळाली ती या रंगीत स्लाइडमुळं.

आम्ही मशिनशॉपवाले. जॉब, म्हणजे बनवलेला भाग, पास की रिजेक्ट हे आमच्याकडं गो–नो गो गेज ठरवतं. गेजची एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. त्यात वाद नसतो, ऑपरेटर नवा असो की जुना. तेव्हा ठरवलं की जी गोष्ट मैदानावर, भर उन्हात, गेज, वर्नियर आणि वजनकाटा घेऊन पाच मिनिटांत तपासता येणार नाही, तिच्यावर नियम लिहायचाच नाही. मग एकतर ती गोष्ट सगळ्यांना मोकळी ठेवायची, नाहीतर स्पर्धकाच्या हातातच द्यायची नाही.

इंजिनाच्या आतलं काहीच मैदानावर तपासता येत नाही. म्हणून इंजिन स्पर्धकाचं नसतं. सगळी इंजिनं सामाईक, खर्चाचा वाटा सारखा, आणि शर्यतीच्या सकाळी चिठ्ठ्या. रोटॅक्सच्या जागतिक अंतिम फेरीतही इंजिनं चिठ्ठ्या टाकूनच देतात. इंजिन चार बोल्टवर बसतं, त्यामुळं पहिल्या हीटनंतर (फेरीनंतर) अदलाबदल करायला चहापुरता वेळ पुरतो. पहिल्याचं इंजिन शेवटच्याला, दुसऱ्याचं त्याच्या आधीच्याला, असं उलट्या क्रमानं जातं. अमेरिकेत काही ठिकाणी ‘क्लेम’चा नियम असतो: ठरलेली रक्कम ठेवली की जिंकलेल्याचं इंजिन विकत मागता येतं. कल्पना हुशारीची आहे. पण आमच्याकडं सगळे एकमेकांच्या ओळखीचे, कुणाचा मामा, कुणाचा मालक. भर मैदानात दुसऱ्याचं इंजिन मागितलं तर पुढच्या शर्यतीला दोघंही येणार नाहीत. चिठ्ठीवर कुणी रुसत नाही.

इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढायचा नाही, हा आमचा सगळ्यात जास्त वाद झालेला नियम. पोरांचं म्हणणं, गव्हर्नर काढला की गाडी पळते. पळते, पण हे इंजिन ३६०० आरपीएमच्या कामासाठी बनलेलं आहे. मूळ फ्लायव्हील (इंजिनाचं जड फिरतं चाक) आणि कनेक्टिंग रॉड त्याच्या बरंच वर नेले की फुटायची भीती असते, आणि फ्लायव्हील चालकाच्या बरगड्यांपासून हातभर अंतरावर असतं. शिवाय गव्हर्नरसकट इंजिन वर्षानुवर्षं टिकतं. स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचं, प्रमाणही एकच ठेवलं, तीनास एक : इंजिनाच्या तीन फेऱ्यांना मागच्या चाकाची एक. मागचं चाक ११ इंचाचं. हिशेब केला तर ताशी ६३ किलोमीटर होतात. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. जमिनीपासून बोटभर उंचीवर बसून वळणात शिरताना तो अजिबात किरकोळ नसतो. बसून बघा.

चेसिससाठी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०४० मिलिमीटर, पाइपचा बाहेरचा व्यास आणि जाडी ठरलेली, बाकी ड्रॉइंग आम्ही सगळ्यांना मोकळं केलं. कुणीही, कुठंही वेल्ड करून घ्यावं. धंद्याच्या दृष्टीनं हा वेडेपणा आहे असं आमच्या सीएंनी सांगितलं. पण एकाच फर्मकडून चेसिस घ्यायची सक्ती असली की ती फर्म हळूहळू भाव चढवते. आज मी चढवणार नाही, उद्या माझ्या जागी बसणारा चढवेल. सांगलीत दोन वेल्डर आता आमच्याच ड्रॉइंगवर चेसिस करतात. त्यांच्या गिऱ्हाइकांना हब, स्टब ॲक्सल, ब्रेकची डिस्क लागतेच, आणि ती आमच्याकडून जाते. आमचा धंदा स्पेअरवर उभा आहे. चेन १२.७ मिलिमीटर पिचची (दोन कड्यांच्या पिनांमधलं अंतर), म्हणजे मोटरसायकलच्या स्पेअरच्या दुकानात मिळेल अशी. परदेशी कार्टची बारीक चेन हलकी असते, पण रविवारी संध्याकाळी तुटली तर आणायची कुठून?

या खेळात खरा पैसा खातो तो टायर. मऊ रबराचा टायर सुरुवातीच्या लॅप्सना छान पकडतो आणि मग उतरणीला लागतो. ज्याच्याकडं नवा सेट, तो पुढं. आम्ही कडक रबर घेतलं, हंगामाला एकच सेट, पहिल्या दिवशी त्यावर नंबर कोरून घ्यायचा. पंक्चर झालं तर वापरलेला टायर लावायचा, नवा नाही. पावसाचे टायर आम्ही ठेवलेच नाहीत, कारण जून ते सप्टेंबर आम्ही शर्यतच भरवत नाही. कोल्हापूरच्या पावसात ट्रॅक तसाही बुडतो. तेवढ्या एका निर्णयानं प्रत्येकाचा टायर आणि रिमचा एक सेट वाचला. हवेचा दाब आणि सीटची जागा मात्र पूर्ण मोकळी. त्यांना पैसे लागत नाहीत, डोकं लागतं, आणि नवशिक्यानं तेच शिकावं अशी माझी इच्छा आहे.

वजनाचा नियम आमच्या गावाला समजावून सांगावा लागला नाही. तालमीच्या गावात वजनगट सगळ्यांना ठाऊक. कार्ट, इंजिन आणि चालक मिळून १६० किलो. कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या, ८ मिलिमीटरच्या बोल्टनं सीटला पक्क्या. पट्ट्या २० किलोंच्या वर नकोत. जड पोरांचा गट वेगळा आहे, कारण जेवण सोडून शर्यतीला येणारी पोरं मला नको होती.

एका गोष्टीत काटकसर नाही. मोटरसायकलचं आयएसआय हेल्मेट चालत नाही, स्नेल या अमेरिकी संस्थेनं कार्टिंगसाठी ठरवलेल्या ‘के’ दर्जाचंच पाहिजे. मानेचा आणि बरगड्यांचा संरक्षक पाहिजे. यावर अनेक पालक थबकतात, म्हणून आम्ही काही जोड घेऊन ठेवले आहेत आणि पहिल्या हंगामाला ते नाममात्र भाड्यानं देतो. त्यात आम्हाला काही सुटत नाही.

नियमावली तीन हंगाम गोठवलेली असते. मधे कुणालाच, मलाही, बदल करता येत नाही. बदल सुचवणारे सगळे प्रामाणिक असतात, पण प्रत्येक बदलापायी कुणाच्या तरी घरातली चांगली वस्तू भंगारात जाते. सूचना वहीत लिहून ठेवतो आणि गोठवणी संपली की सगळ्यांसमोर वाचतो.

यंदा लहान मुलांचा वर्ग आखतोय. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) मधे एक भोकाची पट्टी बसवली की हवा कमी जाते, ताकद उतरते. भोकाला पिन गेज, म्हणजे नेमक्या मापाची पिन, लावायचं, झालं. अडलंय ते पेडल आणि सीटपाशी. आठ वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल एकाच चेसिसमध्ये नीट बसत नाही, आणि उशी टाकून बसवायला मी तयार नाही. सरकत्या पेडलचा एक सांगाडा टॅक वेल्ड करून, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरता जोडून, ठेवलाय. तो पक्का होईपर्यंत मुलांची नावं घेतोय, शर्यतीची तारीख देत नाही.