दंडातली बेडकी

मी मोटारी भरतो. जळालेल्या मोटरचं जुनं वाइंडिंग काढायचं, स्लॉट साफ करायचे, नवीन तार भरायची, वार्निश मारायचं. दुकान किर्लोस्करवाडीजवळ, त्यामुळे गिऱ्हाईक मुख्यतः विहिरीवरच्या पंपांचं. हे आधी सांगतो, कारण पुढे माझ्या हाताचं जे झालं ते मला तारेच्या हिशोबानेच कळत गेलं, आणि एका ठिकाणी तो हिशोब साफ चुकला.

डिसेंबर २०१९. कारखान्यांचा सीझन जोरात. संध्याकाळी दुकान बंद करून निघालो आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी घातली. ट्रॉलीला मागे ना रिफ्लेक्टर, ना दिवा. डोकं वाचलं ते नशिबाने, हेल्मेट काही नव्हतं. उजव्या खांद्यावर पडलो, कॉलरबोन मोडलं. पंजा शाबूत होता: मूठ आवळायची, बोटं हलायची. पण हात वर उचलेना आणि कोपरात वाकेना. नुसता लोंबायचा, जसा काही दुसऱ्याचाच.

पहिल्यांदा ज्यांना दाखवलं ते म्हणाले, सूज आहे, उतरली की येईल. पट्टा बांधला. मी सहा आठवडे वाट बघितली. आई रोज तेल चोळायची, मावशीने कुठलासा पाला आणून बांधला. त्या सहा आठवड्यांचा मला आजही राग येतो, आणि निम्मा राग माझ्यावरच आहे. हाड जुळत आलं तरी हात हलत नाही म्हटल्यावर माझ्यासारख्याला तरी शंका यायला हवी होती. वर रात्रीची आग. अंगठ्यापासून कोपरापर्यंत कुणी उकळतं तेल ओततंय अशी. हाताला स्पर्श कळत नव्हता, पण ही आग मात्र बरोबर कळायची.

शेवटी मिरजेत ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नसांची आणि स्नायूंची तपासणी केली. स्नायूत सुई घालून तुम्हाला जोर लावायला सांगतात आणि स्क्रीनवर रेघ बघतात. पंजाच्या स्नायूंत रेघ नाचली. दंडात सुई घातली, मी घाम येईपर्यंत जोर लावला, रेघ सपाट. कंटिन्युटी नाही, म्हणजे लाईन मध्येच तुटलीय, एवढं मला कुणी सांगायची गरज नव्हती. मग मानेचा एमआरआय. मानेतून हाताकडे पाच मुळं येतात, त्यांचं जाळं म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस. त्यातली वरची दोन, सी-५ आणि सी-६, मज्जारज्जूतूनच उपटून निघाली होती. पडताना डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला की असं होतं, आणि जगभर अशा दुखापतीत मोटरसायकलवालेच जास्त असतात.

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठली. तिथल्या सर्जनना मी म्हणालो, "साहेब, तुटलंय तिथे जोडून टाका."

"कशाला जोडू?" ते म्हणाले. "तार तुटली असती तर जोडली असती. तुमचं टर्मिनलच उपटलंय."

माझा धंदा त्यांना कुणी सांगितला होता कोण जाणे. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पंजाकडे जाणारी अल्नार नस दंडातूनच खाली जाते. तिच्यात बरेच धागे असतात. त्यातला एखादा-दुसरा काढून दंडाच्या बायसेप्सच्या नसेला जोडायचा. १९९४ साली क्रिस्तोफ ओबर्लिन या फ्रेंच सर्जननी ही पद्धत मांडली. पंजाला फारसं कमी पडत नाही आणि कोपर वाकायला लागतं. आमच्याकडे याला आकडा टाकणं म्हणतात. शेजारून चालू लाईन जातेय, तिच्यावरून आपल्या शेतात घ्यायची. खांद्यासाठी आणखी दोन आकडे: एक खांदे उडवायच्या स्नायूच्या नसेवरून, एक ट्रायसेप्सच्या फांदीवरून.

आणि घाई का, तर नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला इंच. इकडे करंट न मिळालेला स्नायू वाट बघत बसत नाही. वर्ष-दीड वर्षात नस येऊन टेकायची त्याची जागाच निकामी होते, मग नस आली काय न आली काय. म्हणून जोड जितका स्नायूजवळ तितका बरा. अपघातानंतर तीन ते सहा महिन्यांत केलं तर चांगलं. माझे तीन होत आले होते.

४ मार्च २०२० ला ऑपरेशन झालं. सहा तास. मायक्रोस्कोपखाली ज्या धाग्याने नस शिवतात त्याची जाडी ०.०२ मिलिमीटरच्या आसपास. मी दुकानात हाताळलेली सगळ्यात बारीक तार ३६ गेजची, ती ०.१९ मिलिमीटर. म्हणजे माझी बारीक तार त्यांच्या धाग्यापुढे दावं. हे मी शुद्धीवर आल्यावर विचारून घेतलं. बायको म्हणाली, आधी पाणी तरी प्या.

तीन आठवडे हात अंगाशी बांधलेला. २६ मार्चला दाखवायला बोलावलं होतं, रिझर्व्हेशन काढलेलं होतं. २५ तारखेपासून लॉकडाऊन. गंमत म्हणजे फोनवरून, व्हिडिओवरून तपासायचे सरकारचे टेलिमेडिसिनचे नियमही त्याच २५ मार्चला आले. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की फिजिओथेरपीच्या मॅडमचा फोन आला आणि म्हणाल्या, "दादा, आता तुमच्या हाताची तपासणी तुमच्या घरीच. घरात मदतीला कोण आहे?"

घरात सगळेच होते. जाणार कुठे?

फोन धरायला मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या हातात तो हलायचा म्हणून मी तारेच्या रिकाम्या रिळाला खाच पाडून स्टँड केला. नेटवर्क फक्त गच्चीवर. तिथल्या भिंतीवर मॅडमच्या सांगण्यावरून कोळशाने उभी रेघ मारली. रेघेला पाठ लावून बसायचं, शर्ट काढून, एक बाजू कॅमेऱ्याकडे करून. शेजारच्या गच्चीवरची मंडळी पहिले चार दिवस बघायला यायची. नंतर कंटाळली.

मॅडमनी पहिल्याच दिवशी आकडे समजावले. ताकदीला शून्य ते पाच मार्क. ही इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची पद्धत, दुसऱ्या महायुद्धातली. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, हात हलत नाही. दोन म्हणजे टेबलावर आडवा ठेवून सरकतो. तीन म्हणजे वजनाविना वर उचलतो. चार म्हणजे थोडं वजन घेऊन, पाच म्हणजे पूर्ववत.

"दोनपासून पुढे मला कॅमेऱ्यात दिसेल," मॅडम म्हणाल्या. "एक दिसत नाही. त्याला बोटं लागतात."

म्हणून बोटं बायकोची. दंडाच्या मध्यावर दोन बोटं कशी ठेवायची, किती दाबायची, हे तिला आधी माझ्या डाव्या दंडावर शिकवलं. मी मूठ आवळायची आणि मनगट करंगळीकडे वळवायचं, कारण जोडलेला धागा मुळात त्या कामाचा. मेंदूला अजून माहीतच नाही की ती लाईन आता दंडाला जाते. तिने बोटं ठेवायची आणि हो किंवा नाही एवढंच सांगायचं.

एप्रिल: नाही. मे: नाही. जूनचे तीन आठवडे: नाही.

इथे माझा तारेचा हिशोब चुकला. तार जोडली, डाग दिला, की बल्ब लागतो. लागला नाही तर जोड कच्चा. मी रोज रात्री हेच म्हणायचो, जोड कच्चा आहे. मॅडमनी सांगून पाहिलं, नसेत तसं नसतं. जोडाच्या पुढचा भाग आधी मरतो, नुसती नळी उरते, आणि त्या नळीतून मागचा जिवंत धागा पुढे वाढत जातो. आग होऊन झोप लागायची नाही तेव्हा मी वाचत बसायचो, त्यात सापडलं की हे सगळ्यात आधी ऑगस्टस वॉलर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८५० मध्ये दाखवलं. बेडकाच्या जिभेची नस कापून. मला हसू आलं. इथे बायको रोज माझ्या दंडात बेडकी शोधतेय.

बेंदराच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी, कॉल चालू नसतानाच. मुलगी मातीचे बैल करत बसली होती. बायकोने सवयीने बोटं ठेवली, मी मूठ आवळली. तिने बोटं काढली, परत ठेवली.

"परत करा."

केली.

"अहो, बेडकी हलली."

मला काहीच जाणवलं नव्हतं. दिसलंही नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तीन वेळा करायला लावलं, दोनदा मुद्दाम मला न आवळता बसायला सांगून, बायकोला न कळता. ती दोन्ही वेळा बरोबर "नाही" म्हणाली. मग मॅडमनी वहीत एक लिहिला. आयुष्यात एक मार्क पडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

त्यानंतर मी लबाडी सुरू केली. मुद्दाम नव्हे. टेबलावर हात सरकायला लागला, मग गणपती उरकल्यावर कोपर उभं वाकायला लागलं, आणि मला दर आठवड्याला जास्त पाहिजे होतं. भिंतीच्या रेघेवर मी ११० अंश, १२० अंश असं सांगायला लागलो. मॅडम एकदा म्हणाल्या, "दादा, कोपर वाकतंय त्यापेक्षा तुमचं अंग जास्त मागे जातंय. रेघ दिसतेय बघा तुमच्या पाठीमागची." पाठ भिंतीपासून चांगली वीतभर सुटली होती. ती कोळशाची रेघ कशासाठी होती ते मला त्या दिवशी कळलं.

वजनाचं मात्र आमच्याकडे चोख. चार मार्कांत फार मोठी तफावत बसते, पाव किलो उचलणाराही चार आणि पाच किलो उचलणाराही चार, आणि समोर असतं तर डॉक्टर आपल्या हाताने दाबून अंदाज घेतात. फोनमधून कसं दाबणार? दुकानात तांबं मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. मी भंगार तारेच्या पिशव्या केल्या: पाव किलो, अर्धा, एक, दीड. दिवाळीला पाव किलो, संक्रांतीला एक. मॅडम म्हणाल्या, इतकं नेमकं वजन त्यांना कुणी दिलं नव्हतं.

अधूनमधून एक प्रश्नावली असायची, डॅश नावाची. ३० प्रश्न. घट्ट झाकण उघडता येतं का, किल्ली फिरवता येते का, डोक्यावरचा बल्ब बदलता येतो का. त्रास जितका जास्त तितका आकडा मोठा, शंभरापर्यंत. आवाज फुटतो म्हणून फोन स्पीकरवर. मॅडम वाचत होत्या, आई शेंगा फोडत बसलेली. २१ वा प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधांचा आहे. मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हा मी मेसेज करते." आई म्हणाली, "का गं, इथवर तर सगळं विचारलंस."

एक गोष्ट कॅमेऱ्याने धरली नाही. ऑगस्टमध्ये दुकान थोडं उघडलं होतं. मी डाव्या हाताने सोल्डरिंग करत होतो, उजवा टेबलावर नुसता ठेवलेला. पोरगा ओरडला, "मालक, वास येतोय." आयर्न माझ्याच मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला टेकलं होतं. मला पत्ता नाही. आम्ही सगळे ताकद मोजण्यात गुंतलो होतो. त्या भागाला स्पर्श किती आलाय हे महिनाभर कुणी विचारलंच नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मग डोळे मिटून कापूस आणि पेनाचं टोपण, हा उद्योग पुढच्या प्रत्येक कॉलला वाढला. डाग अजून आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अखेर मुंबईला समोरासमोर तपासलं. सर्जननी कोनमापक लावला. कोपर १०५. माझ्या गच्चीवर त्याच आठवड्यात १२० आलं होतं. मी भांडायच्या तयारीत होतो. मॅडम तिथेच होत्या, त्यांनी माझा जुना व्हिडिओ काढून दाखवला: रिळाचा स्टँड थोडा पुढच्या बाजूला ठेवलेला, कॅमेरा हाताला काटकोनात नव्हता. तिरकस बघितलं की कोन बदलतो. म्हणजे या वेळी लबाडी माझी नव्हती, रिळाची होती. ताकद मात्र जुळली, चार. खांदा तेव्हा जेमतेम ६० अंशापर्यंत उचलत होता, आणि हात बाहेर वळायचं काम अजूनही कच्चंच आहे.

आता दुकान पूर्ण चालू आहे. वरच्या फळीवरचं सामान पोरगा काढतो. स्लॉटमध्ये तार मी स्वतः भरतो, उजव्या हातानेच. मूठ न आवळता कोपर वाकवायला मेंदू शिकला, पण उलटं अजून पुरतं सुटलेलं नाही: पक्कड जोरात दाबली की कोपर आपसूक वाकतं आणि हात वर येतो. मी पक्कड उचलली की पोरगा न सांगता माझा चहा पलीकडे सरकवतो. सुरुवातीला तीन ग्लास फुटले होते.