आयट्यून्स लायब्ररी: १८ फायलींवरून एकीवर

दुहेरी गाणी मागच्या महिन्यात काढून झाली होती. या आठवड्यात आयट्यून्सच्या (ॲपलचं गाणी ऐकायचं सॉफ्टवेअर) खुद्द लायब्ररीच्या, म्हणजे गाण्यांच्या नोंदवहीच्या, फायलींना हात घातला. विंडोजवर म्युझिक फोल्डरच्या आत आयट्यून्सचं फोल्डर उघडलं. तिथे चालू 'आयट्यून्स लायब्ररी डॉट आयटीएल' तर होतीच, शिवाय नावात 'डॅमेज्ड' लागलेली एक, 'टेम्प फाइल' नावाच्या सात, आणि 'प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज'मध्ये तारखा असलेल्या नऊ. एकूण १८.

टेम्प फायलींचा निकाल लगेच लागला. आयट्यून्स लायब्ररी सेव्ह करताना आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं. मधेच अँटिव्हायरसने फाइल अडवून धरली की ती तशीच मागे राहते. आयट्यून्स बंद करून सातही उडवल्या आणि लायब्ररीचं फोल्डर अँटिव्हायरसच्या अपवादांत टाकलं.

तारखांच्या नऊ फायलींवर मात्र तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्या जायलाच हव्या होत्या. आवृत्ती बदलली की आयट्यून्स जुनी लायब्ररी इथे ठेवून देतं. गाणी आयटीएलमध्ये नसतातच. तिच्यात असतं ते आपलं ऐकणं: प्ले काउंट, तारे, प्लेलिस्ट, गाणं कधी घेतलं ती तारीख. एमपी३ फाइलमध्ये यातलं काही उतरत नाही. म्हणून नुसता आकार बघून डिलीट करणं मला साफ नामंजूर आहे.

आधी सगळं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. मग एकेक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन मूळ नाव दिलं, शिफ्ट दाबून आयट्यून्स सुरू केलं (मॅकवर ऑप्शन) आणि 'चूज लायब्ररी'तून ती उघडली. हे कॉपीवरच करा, कारण नवं आयट्यून्स जुनी फाइल उघडताच ती नव्या स्वरूपात बदलून टाकतं.

सहाव्या फाइलला थांबलो. चालू लायब्ररीत 'डेट ॲडेड'च्या रकान्यात शेकडो गाण्यांपुढे एकच तारीख होती: लायब्ररी बिघडल्यावर मी फोल्डर पुन्हा भरलं तो दिवस. इथे तीच गाणी वर्षानुवर्षांत विखुरलेली, एका भैरवीपुढे प्ले काउंट २१२. चालू लायब्ररीत तिचाच आकडा ९. बघतच राहिलो.

मग उलटा निर्णय घेतला: जुनी लायब्ररी हाच पाया. चालू लायब्ररीतल्या प्लेलिस्ट एक्सएमएल (मजकूर स्वरूपातली फाइल) म्हणून एक्सपोर्ट करून जुनीत आणल्या. 'ॲड फोल्डर टू लायब्ररी'ने गाण्यांचं फोल्डर पुन्हा दाखवलं. त्याच जागी आधीपासून नोंद असलेली गाणी ते वगळतं, त्यामुळे फक्त नवी ६४० आत आली. अलीकडचे प्ले काउंट प्लेलिस्टसोबत येत नाहीत, तेवढे गेले. जीवावर आलं, पण २१२ परत मिळाले होते.

उरलेल्या आयटीएल झिप करून बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या, संगणकावरून काढल्या. आयट्यून्सच्या सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये लायब्ररी एक्सएमएल शेअर करण्याच्या पर्यायावर टिक केली, कारण नव्या आवृत्त्या ती फाइल आपणहून बनवत नाहीत. आता अल्बम आर्टवर्कचं फोल्डर घेतो.