दोन वर्षांचं पोस्ट बेसिक

परवा वॉर्डात नवीन लागलेल्या मुलीनं विचारलं, "सिस्टर, पोस्ट बेसिक करू का? सगळे म्हणतात, दोन वर्षं पगार बुडतो आणि नंतर काही फारसा वाढत नाही." हँडओव्हर चालू होता, उभ्याउभ्या काय सांगणार? तिच्यासाठी म्हणून लिहायला बसलेय. तिच्यासारख्या आणखीही असतील.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. इंदापूरकडच्या गावातली, शाळा मराठी माध्यमाची. पुण्यात साडेतीन वर्षं ट्रेनिंग केलं आणि मग नऊ वर्षं खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून काढली. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग ही डिग्री आमच्यासारख्यांसाठीच आहे. जीएनएम झालेलं हवं आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं. बारावीनंतर थेट बी.एस्सी. नर्सिंगला गेलं तर चार वर्षं लागतात, आम्हाला दोन. म्हणून लोक त्याला शॉर्टकट म्हणतात. मला तो शब्द फार लागतो. आधीची वर्षं आम्ही वॉर्डात घातलेली असतात, ती कुणी मोजत नाही.

अमेरिकेत याच्यासारखाच, पण वेगळा प्रकार आहे. माझ्या जावेची बहीण तिकडे असते. इथे बॉटनीत बी.एस्सी. झालेली. तिनं तिकडे साधारण सव्वा वर्षात नर्सिंगची डिग्री घेतली. दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी असली आणि ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी असे ठरावीक विषय आधी करून घेतले की प्रवेश मिळतो. सुट्ट्या जवळपास नाहीतच. नंतर एनसीएलईएक्स ही लायसन्सची परीक्षा. आपल्याकडे पंचविशीतल्या पदवीधर मुलीला नर्स व्हावंसं वाटलं तर पहिल्या पायरीपासून सुरुवात. मला वाटतं, तशी वाट आपल्याकडेही असायला हवी. फक्त वॉर्डातले तास कमी करून नव्हे.

माझी गोष्ट सुरू झाली कागदांपासून. जिथे नोकरी करत होते, तिथे रुजू होतानाच माझी मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली होती. प्रवेशाला तीच हवी होती. अर्ज केला, तीन आठवडे "साहेब मीटिंगमध्ये आहेत". शेवटी सांगितलं, आधी राजीनामा द्या. नऊ वर्षांत माझी एक नाईट चुकली नव्हती. राजीनामा लिहिताना हात थरथरत होता आणि आजही तो दिवस आठवला की राग येतो. मुलींनो, कागद कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

फीसाठी पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. मुलगा तेव्हा चौथीत. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. डबा मी करते, पोराचा आणि तुझाही." दोन वर्षं त्यांनी तो केला.

पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री असते. तिथला एक तास मी विसरणार नाही. त्याच्या आधीची गोष्ट सांगायला हवी. स्टाफ असताना एका नाईटला नवीन मुलगी ट्रॉलीपाशी उभी राहून पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल सिरिंजमध्ये भरत होती. 10 मिलीचं अँप्यूल, आत पाण्यासारखं स्वच्छ औषध, डिस्टिल्ड वॉटरसारखंच दिसतं. ऑर्डर होती सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायची. ती थेट शिरेतून द्यायला निघाली होती. मी तिचं मनगट धरलं. ती घाबरून म्हणाली, "का, सिस्टर?" मी म्हटलं, "हार्ट बंद पडतं." ती पुन्हा म्हणाली, "पण का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला इनचार्जनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या इनचार्जनी.

त्या तासाला मॅडमनी फळ्यावर एक पेशी काढली. आत लिहिलं 140, बाहेर लिहिलं 4. पोटॅशियम पेशीच्या आत एवढं आणि बाहेर रक्तात एवढंसं. या फरकावरच हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा तयार होतो. बाहेरचं पोटॅशियम एकदम वाढवलं की हा फरक कमी होतो, स्नायू पुढच्या ठोक्याला तयारच होत नाही. मी वहीत ते दोन आकडे लिहिले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षं मी जे करत होते ते बरोबर होतं. पण का बरोबर होतं, ते त्या दिवशी कळलं. त्या मुलीला फोन केला. ती तेव्हा नाशिकला होती. तिला ती रात्र आठवत होती.

बाकी पहिलं वर्ष जर्नल, केअर प्लॅन आणि सबमिशनमध्ये गेलं. दुसऱ्या वर्षी येरवड्याच्या मनोरुग्णालयातलं पोस्टिंग, कम्युनिटीची बॅग घेऊन घरोघरी फिरणं, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. स्टॅटिस्टिक्सला मी रडले, पण पास झाले.

खरी अडचण इंग्रजीची होती. वॉर्डात इंग्रजी शब्द दिवसभर तोंडात असतात, पण पेपरात सलग पानभर लिहायचं म्हटलं की हात थांबायचा. त्यातून मला बाहेर काढलं सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी. दुसऱ्या वर्षी पैसे कमी पडायला लागले तेव्हा मी शनिवारच्या रात्री घरच्या पेशंटची नाईट घेतली होती. आजोबा 86 वर्षांचे, निवृत्त शिक्षक, कॅथेटर लावलेलं, झोप जवळपास नाही. रात्री दोन-अडीचला म्हणायचे, "सिस्टर, ते टिपण आणा इकडे." भिंग घेऊन माझी सोशिऑलॉजीची वही वाचायचे. मग प्रश्न. "कुटुंबाची कार्ये सांगा बघू. आधी मराठीत." मी सांगायची. "आता तेच इंग्रजीत. भाषांतर नको. समजलंय ते सांगा." मी अडखळले की ते थांबायचे, शब्द पुरवायचे नाहीत. युरिन बॅग रिकामी करताना, कूस बदलताना, पाठीला पावडर लावताना माझी उत्तरं चालू असायची. मार्चपर्यंत पानभर लिहिताना हात थांबेनासा झाला.

रमाबाई रानड्यांबद्दलही त्यांनीच सांगितलं. लक्ष्मी रस्त्यावरच्या सेवासदनवरून मी दर शनिवारी जात होते. पुण्यातलं सेवासदन रमाबाईंनी 1909 मध्ये सुरू केलं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये पाठवलं, हे मला माहीत नव्हतं. चांगल्या घरातल्या बाईनं परक्या माणसांची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सहन होत नव्हती. त्या बायका रोज पेठांतून ससूनपर्यंत कशा जात असतील, लोक काय बोलत असतील? आमच्या नर्सिंगच्या इतिहासाच्या धड्यात नाइटिंगेलबाईंची पानंच्या पानं आहेत. असावीतच. पण पुण्यात शिकणाऱ्या मुलीला ही एवढी जवळची गोष्ट वर्गात कुणी सांगू नये, याचं मला वाईट वाटतं.

पगाराचं विचारलंस ना? नव्या ठिकाणी मला आधीपेक्षा थोडे जास्त मिळतात. त्यातून पहिल्या दोन वर्षांत पाटल्या सुटल्या नाहीत, एक अजून तिथेच आहे. पण डिग्री मागणाऱ्या सरकारी जागांचे फॉर्म भरता येतात, पुढे एम.एस्सी.ला जाता येतं, कॉलेजात शिकवायला जाता येतं. आणि राऊंडला डॉक्टरांनी पोटॅशियमचा रिपोर्ट वाचला की मी नुसती मान डोलवत नाही, विचारते.

निकाल लागला त्या दिवशी घरी कळवून झाल्यावर आजोबांना फोन केला. त्यांच्या सूनबाईंनी फोन कानाला लावून दिला.

"सोशिऑलॉजीत किती?"

"68, आजोबा."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "शनिवारी पेपर घेऊन या. 32 कुठे गेले ते बघू."