पीई सहा दिसला म्हणून घेतला

काही वर्षांपूर्वी मी एक शेअर घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही, धातूच्या धंद्यातली होती एवढंच. घेण्याचं कारण विचाराल तर पीई, म्हणजे भाव भागिले दर शेअरमागचा वर्षाचा नफा, फक्त ६. बस्स. बाकीचे सगळे २०, २५, ३० च्या पीईवर बसलेत आणि ही बाई सहावर, म्हणजे बाजाराला दिसत नाहीये आणि मला दिसतंय, असा एकूण आविर्भाव. पुढच्या दोन वर्षांत काय झालं ते शेवटी सांगतो, पण त्या प्रकरणानंतर मी एक शीट बनवायला लागलो आणि आजची पोस्ट त्या शीटबद्दल, म्हणजे त्यातल्या केप नावाच्या गुणोत्तराबद्दल आहे.

आधी आकडे बघा, सोयीसाठी थोडे गोल केलेत. भाव २४०. सरत्या वर्षाचा ईपीएस, म्हणजे दर शेअरमागे नफा, ४०. भागाकार सहा. आता त्याच कंपनीचे दहा वर्षांचे ईपीएस, जुन्यापासून नव्याकडे: ८, ११, ४, उणे ३, ६, १२, १५, ९, २२, ४०. मी तेव्हा फक्त शेवटचा आकडा बघितला होता. आधीचे नऊ ॲन्युअल रिपोर्टमध्ये पडून होते, कोणी लपवले नव्हते, मीच पान उलटलं नाही. नीट बघितलं तर ४० हा त्या कंपनीचा नफा नाहीच, तो त्या धंद्यातल्या तेजीचा नफा आहे, आणि तेजी काही कंपनीच्या मालकीची नसते.

मग काय करायचं? दहाही वर्षांची सरासरी काढायची. पण इथे एक मेख आहे. नऊ वर्षांपूर्वीचे ८ आणि आजचे ८ सारखे नाहीत, मधल्या काळात महागाईने पैशाची किंमत खाल्लेली असते. म्हणून प्रत्येक वर्षाचा ईपीएस आजच्या पैशात आणायचा: आजचा महागाई निर्देशांक भागिले त्या वर्षाचा निर्देशांक, गुणिले त्या वर्षाचा ईपीएस. समजा महागाई सरसकट ५ टक्के धरली तर नऊ वर्षांपूर्वीचे ८ आजचे १२.४ होतात, त्याच्या पुढच्या वर्षाचे ११ होतात सव्वासोळा, तोट्याचे उणे ३ होतात उणे ४ (हो, तोटाही फुगवायचा, तो सोडून द्यायचा मोह होतो पण सोडायचा नाही), आणि शेवटचे ४० हे ४०च. सगळ्यांची बेरीज साधारण १४३, सरासरी १४.३, आणि भाव २४० ला त्याने भागलं की १६.८. सहा कुठे आणि जवळजवळ सतरा कुठे! महागाई न धरता साधी सरासरी काढली असती तर १२.४ आली असती आणि गुणोत्तर १९ च्या वर गेलं असतं, म्हणजे महागाई धरली नाही तर जुन्या वर्षांवर अन्याय होतो आणि शेअर आहे त्याहून महाग दिसतो.

एवढंच आहे ते, ह्यालाच केप म्हणतात किंवा शिलर पीई. लांबलचक नाव आहे, सायक्लिकली ॲडजस्टेड प्राइस टू अर्निंग्ज, पण आत हाच भागाकार.

ज्या अर्थतज्ज्ञाचं नाव त्याला लागलंय त्या शिलरची ही कल्पना नाही खरं तर. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच 'सिक्युरिटी ॲनालिसिस' ह्या पुस्तकात लिहून ठेवलंय की सरासरी निदान पाच वर्षांची घ्या, शक्यतो सात किंवा दहा. अमेरिकन शेअरबाजाराची १९२९ ची आपटी ताजी होती तेव्हा, त्यामुळे एका वर्षाच्या नफ्यावर किती विसंबायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल यांनी १९८८ मध्ये तीच कल्पना घेऊन, महागाई काढून टाकून, अख्ख्या अमेरिकन बाजाराला लावली. शिलरचा डेटा १८७१ पासूनचा आहे, पण दहा वर्षांचा नफा लागतो म्हणून गुणोत्तर १८८१ पासून मिळतं. इतक्या वर्षांची सरासरी १७ च्या आसपास, १९२० च्या शेवटी ते पाचच्याही खाली होतं आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये ४४ वर. पुढे २०१३ मध्ये शिलरला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही यूजीन फामाबरोबर वाटून, म्हणजे बाजार बरोबरच असतो म्हणणारा फामा आणि बाजार डोकं फिरल्यासारखा वागतो म्हणणारा शिलर एकाच स्टेजवर, मला ह्याची अजून गंमत वाटते.

पण ह्या गुणोत्तराची खरी मजा बघायची तर मार्च २००९ बघा. एस अँड पी ५००, म्हणजे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स, नऊ मार्चला ६७६ वर बंद झाला, आधीच्या टॉपपासून निम्म्याहून खाली. आणि साधा पीई किती? शंभराच्या वर! कारण बँकांनी इतके प्रचंड तोटे दाखवले की पूर्ण इंडेक्सचा बारा महिन्यांचा नफा जवळपास पुसलाच गेला, आणि छेद शून्याकडे गेला की अपूर्णांक आकाशात जातो, हे शाळेतलं गणित. साधा पीई बघणाऱ्याला बाजार इतिहासातला सगळ्यात महाग वाटला असता. केप त्याच वेळी १३ च्या जरा वर होता, म्हणजे सरासरीपेक्षा स्वस्त. माझ्या धातूवाल्या कंपनीत जे झालं त्याची ही बरोबर उलटी बाजू: तिथे नफा टोकाला होता म्हणून शेअर स्वस्त भासला, इथे नफा तळाला होता म्हणून बाजार महाग भासला.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल वा, मग केप बघायचा, सरासरीच्या वर गेला की विकायचं, खाली आला की घ्यायचं. तर थांबा. ३ डिसेंबर १९९६ ला शिलर आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेसमोर, म्हणजे फेडरल रिझर्व्हसमोर, जाऊन सांगितलं होतं की बाजार फार महाग झालाय, आणि दोनच दिवसांनी फेडरल रिझर्व्हचा तेव्हाचा अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅनने आपल्या भाषणात ते 'इर्रॅशनल एक्झुबरन्स' (अविवेकी उत्साह) हे प्रसिद्ध शब्द वापरले. केप तेव्हा २८ च्या घरात. पुढे काय झालं? मार्च २००० पर्यंत इंडेक्स दुपटीहून जास्त झाला. बरं, मग कोसळला तेव्हा तरी १९९६ च्या खाली आला का? २००२ च्या तळालाही बंद भाव ७७६ होता आणि १९९६ च्या त्या भाषणाच्या दिवशी ७४४. म्हणजे ज्याने तेव्हा घाबरून विकलं त्याला आपल्या भावाच्या खाली परत घ्यायला २००९ च्या उंबरठ्यापर्यंत वाट बघावी लागली, मधले डिव्हिडंड गेले ते वेगळेच. बारा वर्षं बरोबर असून माणूस वेडा ठरतो. केप पुढच्या दहा वर्षांच्या परताव्याबद्दल काहीतरी सांगतो, पुढच्या वर्षाबद्दल जवळपास काहीच नाही.

आणि सरासरी १७ म्हणायची तर अमेरिकन बाजार १९९० च्या दशकापासून बहुतेक काळ तिच्या वरच आहे. तीस वर्षं जो पाहुणा जातच नाही त्याला पाहुणा म्हणायचं का? ह्यावर भांडणं भरपूर. अर्थशास्त्राचे प्राध्यापक जेरेमी सीगल म्हणतात की हिशोबाचे नियमच बदलले, अमेरिकेत २००१ च्या नियमापासून गुडविलची (दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या मालमत्तेहून जास्त मोजलेल्या पैशाची) किंमत घसरली की ती थेट नफ्यातून वजा होते, आणि एओएल टाइम वॉर्नरने २००२ मध्ये जवळपास ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला तो मुख्यतः असाच, कागदावरचा. असा एक आकडा दहा वर्षं सरासरीत मुक्काम ठोकतो. दुसरा मुद्दा बायबॅकचा: कंपन्या पूर्वी डिव्हिडंड द्यायच्या, आता स्वतःचेच शेअर विकत घेतात, शेअरची संख्या घटते, ईपीएस पटापट वाढतो, मग दहा वर्षांची सरासरी आजच्या ईपीएसच्या फार मागे राहते आणि केप उगाच मोठा दिसतो. शिलरनेही पुढे ह्यासाठी दुरुस्त केलेला वेगळा केप द्यायला सुरुवात केली. मला दोन्ही मुद्दे पटतात, पण ते पटूनही ४४ चे १७ होत नाहीत.

आता एका कंपनीला हे लावायचं तर भानगडी वाढतात. इंडेक्समध्ये एकाचं वाईट वर्ष दुसऱ्याच्या चांगल्या वर्षाने भरून निघतं, एका कंपनीत तसं नाही. माझी पहिली शीट मी अशीच उत्साहात बनवली आणि एक कंपनी सापडली जिचा केप चक्क ५! दोन रात्री झोप नाही, कुणाला सांगू आणि कुणाला नको. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मधे एकदा शेअरचे पाच तुकडे झालेत आणि मी स्प्लिटच्या आधीचे ईपीएस जुन्या रिपोर्टमधून जसेच्या तसे टाईप केलेत, म्हणजे जुनी सगळी वर्षं पाचपट फुगलेली. ते पाचने भागल्यावर केप गेला वीसच्या वर आणि मी गेलो झोपायला. तेव्हापासून माझ्या शीटमध्ये ईपीएसच्या शेजारी एक कॉलम फक्त शेअरच्या संख्येचा आहे, आणि ती संख्या एकदम उडी मारते तो सेल मी पिवळा करतो. पिवळा दिसला की रिपोर्ट उघडायचा: बोनस (फुकट वाटलेले शेअर) की स्प्लिट (शेअरचे तुकडे) की नवीन शेअर विकून पैसे उभे केले. पहिल्या दोघांत जुने ईपीएस भागून घ्यायचे. तिसऱ्यात भागायचं नाही, कारण नवीन शेअरबरोबर नवीन पैसाही आत आलाय.

वाढत्या कंपनीला तर ही पट्टी लावूच नये असं माझं मत झालंय. समजा एखादीचा ईपीएस नऊ वर्षांत २ वरून २० वर गेला, मधे कुठे ठेच नाही, आणि भाव ४०० आहे. साधा पीई २०. केप काढला तर ४३ च्या आसपास येतो. ती महाग आहे का? असेलही, पण हे ४३ ते सांगत नाही, ते फक्त इतकंच सांगतं की कंपनी पूर्वी लहान होती, जे आपल्याला माहीतच होतं. तसंच जिने मधेच धंदा बदलला, अर्धी कंपनी विकली, दुसरी गिळली, तिची दहा वर्षांपूर्वीची कमाई आजच्या कंपनीची नाहीच. ग्रॅहमने स्वतःही सावध गुंतवणूकदाराला कंपनी निवडताना मागच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या पंधरा पटीपेक्षा जास्त देऊ नका असं सांगितलं होतं, म्हणजे दहा हा काही देवाचा आकडा नाही. धंद्याचं एक आवर्तन, तेजी आणि मंदी दोन्ही, जेवढ्या वर्षांची सरासरी घेतो त्या खिडकीत मावलं पाहिजे, इतकंच.

खिडकीवरून आठवलं, एक बारीक गोष्ट फार कोणी सांगत नाही. खिडकी दरवर्षी सरकते. त्या उणे ३ चं वर्ष खिडकीतून बाहेर पडलं की सरासरी आपोआप वर जाते आणि केप खाली येतो, कंपनीने काही न करता, भाव न हलता. म्हणून केप खाली आला की मी आधी बघतो नवीन काय आलं आणि मग बघतो जुनं काय गेलं, बऱ्याचदा दुसऱ्याच कारणाने आलेला असतो.

माझ्या मते ही पट्टी जिथे चालते ते धंदे म्हणजे धातू, सिमेंट, केमिकल, जहाजं, तेल, ज्यांचा माल एकसारखा आणि भाव बाहेर ठरतो, आणि कंपनी पंधरा-वीस वर्षं तेच करत आली आहे. तिथेही मी तिला निर्णय म्हणून वापरत नाही, प्रश्न म्हणून वापरतो. पीई ६ आणि केप १७ ह्यात जेवढं अंतर तेवढं बाजार ह्या वर्षाच्या नफ्यावर अविश्वास दाखवतोय. मग मला सांगता आलं पाहिजे की बाजार चुकतोय कुठे. नवीन प्लांट? कर्ज फेडलं? स्पर्धक बंद पडला? त्या वेळी मला विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं 'पीई सहा आहे ना'.

तर झालं काय. पुढच्या वर्षी ईपीएस ४० वरून ११ वर आला. मी म्हटलं तात्पुरतं आहे. त्याच्या पुढच्या वर्षी उणे ६. भाव २४० वरून ९५. स्क्रीनवर पीईच्या जागी नुसती आडवी रेघ, कारण तोट्याला पीई नसतो, आणि ती रेघ बघून मला घाम फुटला आणि मी सगळे विकून मोकळा झालो. शीट त्याच्या काही महिन्यांनंतरची. ती जरा बरी चालायला लागल्यावर मी उगाच खाज म्हणून त्याच कंपनीची मी विकलं ती तारीख टाकून बघितली. खिडकी दोन वर्षं सरकलेली, त्या ८ आणि ११ ची वर्षं गेलेली, ११ आणि उणे ६ ची आलेली, महागाई तीच ५ टक्के. सरासरी १३.१५. म्हणजे मी घेतला तेव्हापेक्षा जेमतेम एकाने कमी. ९५ भागिले १३.१५, केप ७.२.

पुढे तो भाव कुठे गेला हे मी बघितलेलं नाही. म्हणजे, एकदाच बघितलंय.